ह्युमिक, फुल्विक आणि मुळांतून पाझरणारी आम्लं : ह्यूमसमधल्या सेंद्रिय आम्लांची तुलना

मृदगंधा

द्राक्ष आणि डाळिंबाच्या धाग्यांवर "ह्युमिक सोडू की फुल्विक?" हा प्रश्न सारखा येतो आणि उत्तरं बहुतेक वेळा ब्रँडच्या नावांनी दिली जातात. ह्यूमसमधली, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या काळपट सेंद्रिय अंशातली, ही आम्लं मातीत मुळात काय असतात आणि एकमेकांपासून कुठे वेगळी पडतात, यावर सलग चर्चा व्हावी म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी मृदशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रयोगशाळेच्या बाजूने सुरुवात करते. शेतातले अनुभव तुम्ही घाला.

आधी ही आम्लं वेगळी कशी करतात ते बघू, कारण त्यांची ओळखच या कृतीवर उभी आहे. माती वाळवून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. आपल्या चुनखडीच्या जमिनीची माती असेल तर आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावी लागते. त्या वेळी ती फसफसून वर येते, म्हणून भांडं मोठं घ्यायचं. मग सोडियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण घालून, वर नायट्रोजन वायू सोडून, बाटली रात्रभर हलत ठेवायची. सकाळी द्रावण कोऱ्या कॉफीसारखं काळं झालेलं असतं. ते सेंट्रिफ्यूज करून ओतून घेतलं की तळाला जी माती उरते, ती कितीही धुतली तरी काळपटच राहते. तिच्यात घट्ट अडकून बसलेला सेंद्रिय अंश म्हणजे ह्युमिन. ओतून घेतलेल्या काळ्या द्रावणात आता थेंबथेंब आम्ल घालत सामू (पीएच, आम्ल-अल्कलीचं माप) १ पर्यंत खाली आणायचा. द्रावण गढूळ होतं, गुठळ्या धरतात आणि काही तासांत तपकिरी-काळा साका खाली बसतो. हे ह्युमिक आम्ल. वर जे पिवळसर, आरपार दिसणारं पाणी राहतं त्यात फुल्विक आम्ल असतं.

म्हणजे ह्युमिक अल्कलीत विरघळतं पण तीव्र आम्लात साकळतं, फुल्विक दोन्हींत विरघळतं आणि ह्युमिन कशातच विरघळत नाही. १७८६ साली बर्लिनच्या फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी पीटवर जवळपास हीच कृती केली होती. (बीटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारणारे आखार्ड ते हेच. आपल्या ऊसपट्ट्यातल्या सभासदांसाठी ही जास्तीची माहिती.) फुल्विक हे नाव रूढ झालं ते स्वीडनच्या स्वेन ओडेन यांनी १९१९ मध्ये केलेल्या वर्गीकरणामुळे.

रासायनिक फरक ढोबळमानाने असा. ह्युमिक आम्लात कार्बन साधारण ५० ते ६० टक्के आणि ऑक्सिजन ३० ते ३५ टक्के. फुल्विकमध्ये कार्बन ४० ते ५० टक्क्यांवर येतो आणि ऑक्सिजन ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. हा जास्तीचा ऑक्सिजन मुख्यतः कार्बोक्सिल गटांत (रेणूच्या आम्लता देणाऱ्या भागांत) असतो, म्हणून किलोला किलो धरलं तर फुल्विकची आम्लता ह्युमिकपेक्षा बरीच जास्त भरते. फुल्विकचे रेणू लहान, पाण्याबरोबर सरकणारे. ह्युमिक आकाराने मोठं, मातीच्या चिकणकणांना आणि कॅल्शियमला धरून बसणारं. म्हणूनच लोह, जस्त यांना पाण्यातून हलवत नेणं हे काम फुल्विककडे जास्त येतं, तर कण बांधणं आणि अन्नद्रव्यं धरून ठेवणं हे ह्युमिक आणि ह्युमिनकडे.

आता ज्यांचं नाव दुकानात फारसं निघत नाही ती मंडळी : सायट्रिक, मॅलिक, ऑक्झॅलिक, ॲसेटिक, लॅक्टिक, टार्टारिक. ही साधी, छोटी, नेमकं सूत्र लिहिता येणारी आम्लं मुळांतून आणि जिवाणू-बुरशीतून पाझरतात. मातीतल्या पाण्यात ती इतकी विरळ असतात की एकूण सेंद्रिय कर्बाच्या हिशेबात दिसतही नाहीत आणि जिवाणू त्यांचा फडशा काही तासांत पाडतात. उलट कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या काळ्या गवताळ जमिनीतल्या ह्युमिक आम्लाचं वय १९६०च्या दशकात रेडिओकार्बनने काढलं, ते सरासरी सुमारे १,२०० वर्षं निघालं. त्याच मातीतल्या फुल्विकचं सुमारे ५०० वर्षं. माझ्या मते या तुलनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. एकाच वाफ्यात काही तासांचं आणि हजार वर्षांचं आम्ल शेजारी शेजारी असतं, आणि दोघांची कामं वेगळी आहेत. "कोणतं चांगलं" हा प्रश्न कामाशिवाय विचारता येत नाही.

---

द्राक्षवेल

ताई, धागा वेळेवर आला. आमची बाग निफाड भागात आहे. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, काड्या तयार करण्यासाठीची छाटणी) ठिबकमधून पोटॅशियम ह्युमेट सोडतो. माझे तीन प्रश्न.

एक, आमच्या मातीचा सामू ८.३, चुनखडी ५ टक्क्यांवर. कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. ह्युमिक ॲसिड सोडत राहिलो तर सामू खाली येईल, असं मला सांगण्यात आलं. खरं आहे का?

दोन, मागच्या हंगामात गड्याने एकाच टाकीत ह्युमेट आणि फॉस्फरिक ॲसिड कालवलं. टाकीत काळा चिखल झाला, सगळे फिल्टर बसले, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुवायला दोन दिवस गेले. असं का झालं?

तीन, फुल्विक हे ह्युमिकच्या तिप्पट भावाने का?

---

मृदगंधा

@द्राक्षवेल, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तुमच्या टाकीत जे झालं तोच वर लिहिलेला प्रयोग आहे. पोटॅशियम ह्युमेट म्हणजे अल्कलीत विरघळवलेलं ह्युमिक. त्याच्या द्रावणाचा सामू ९-१० किंवा त्याहूनही वर असतो. त्यात फॉस्फरिक ॲसिड पडलं, सामू कोसळला आणि ह्युमिक साकळून खाली बसलं. कॅल्शियम नायट्रेटबरोबर कालवलं तरी हेच होईल, फक्त तिथे कारण कॅल्शियम असेल : तो ह्युमिकच्या कार्बोक्सिल गटांना एकमेकांत बांधून गुठळ्या करतो. ह्युमेट नेहमी एकटं सोडा, आधी आणि नंतर साधं पाणी चालवा.

आता पहिला. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर साधारण ९ लाख किलो भरतो. चुनखडी ५ टक्के म्हणजे त्यात ४५,००० किलो चुना झाला. तेवढा चुना निष्प्रभ करायला जवळपास ४४,००० किलो सल्फ्युरिक ॲसिड लागेल. आणि ह्युमिकची मात्रा किती, एकरी दोन किलो? दोन किलो शुद्ध ह्युमिक आम्ल पूर्णपणे आम्ल रूपात असतं तरी त्याने सहाशे-सातशे ग्रॅम चुना गेला असता. तुम्ही सोडता ते तर पोटॅशियमने आधीच उदासीन केलेलं असतं, शिवाय जास्तीची अल्कली त्यात असते. तेव्हा सामू त्याने खाली येणार नाही. शिवाय कार्बोक्सिल गट आपला हायड्रोजन साधारण सामू ३ ते ५ या टप्प्यातच सोडून देतात. ८.३ सामूच्या मातीत ह्युमिक आणि फुल्विक दोन्ही ऋणभार घेऊन बसलेले असतात, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धरून.

पिवळ्या पानांचं उत्तर सामू उतरवण्यात शोधू नका, लोह विरघळलेलं ठेवण्यात शोधा. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यायची जी जुनी शिफारस आहे, तिच्यामागे हेच रसायन आहे. शेणखतातली फुल्विकसारखी आणि इतर छोटी आम्लं लोहाला कवटाळतात आणि चुनखडीत ते लगेच अडकू देत नाहीत. तातडीचं असेल तर ईडीडीएचए या लोह धरून ठेवणाऱ्या कृत्रिम द्रव्यातलं लोह. ईडीटीए या तशाच दुसऱ्या द्रव्यातलं लोह तुमच्या सामूला टिकत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतो.

भावाबद्दल : फुल्विक वेगळं काढायला रेझिनचे टप्पे लागतात, म्हणून खरं फुल्विक महाग पडतं. बाटलीत ते खरं आहे का, हा पुढचा प्रश्न.

---

तुरीचं_वावर

छोट्या आम्लांचा विषय निघाला म्हणून वऱ्हाडातून थोडं.

आमच्याकडे हरभऱ्याची आंब धरतात. थंडीत रात्री घाट्यावर आलेल्या हरभऱ्यावर पातळ धुतलेलं कापड पसरायचं, पहाटे दवाने भिजलं की पिळून बाटलीत भरायचं. आजी पोटदुखीवर द्यायची. ते आंबट पाणी म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, पानांवरच्या बारीक केसांतून निघालेलं. अनवाणी हरभऱ्यात फिरलं की पाय चरचरतात ते त्यामुळेच.

पण पानांपेक्षा मुळांची गोष्ट मोठी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला धरतं आणि लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा होतो, म्हणून तांबड्या जमिनीत इतर पिकांना न मिळणारा स्फुरद तुरीला मिळतो. आणि काळ्या जमिनीत, जिथे स्फुरद कॅल्शियमने धरलेला असतो, तिथे हरभऱ्याच्या मुळांतलं सायट्रिक आम्ल कामाला येतं. दोन डाळी, दोन जमिनी, दोन वेगळी आम्लं. तूर गेल्यावर पुढच्या पिकाला जमीन हलकी जात नाही असं आमचे म्हातारे सांगत. ते नुसतं नत्राचं नव्हतं, असं मला वाटतं.

मृदगंधाताईंना एक विचारायचं आहे. आमची काळी माती एवढी काळी, मग तपासणीत सेंद्रिय कर्ब ०.४ का येतो? काळेपणा ह्युमिकचा असेल तर कर्ब जास्त यायला हवा ना?

---

मृदगंधा

फार सुंदर प्रतिसाद. तूर-हरभऱ्याचं उदाहरण मी वर्गात दरवर्षी देते.

काळेपणावरून कर्ब ओळखायचा नाही, आपल्या रेगूर जमिनीत तर मुळीच नाही. इथे स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर आहे आणि थोडासाच सेंद्रिय अंश तिच्या पापुद्र्यांवर इतका पातळ आणि घट्ट पसरून बसतो की सगळी माती काळी दिसते. बेसाल्टमधून आलेल्या टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचाही त्यात वाटा मानतात. तुमच्या मातीतून अल्कलीने ह्युमिक काढायला गेलं तर बराचसा अंश निघतच नाही, ह्युमिन म्हणून चिकणमातीत राहतो. उलट कोकणातली तांबडी-पिवळी माती डोळ्यांना गरीब वाटते आणि कर्ब बऱ्याचदा देशावरच्या दुप्पट भरतो.

---

खाचर

कोकणाचं नाव निघालंच आहे, तर दापोलीच्या बाजूने.

आमच्या जांभ्या जमिनीचा सामू ५ ते ६. तिथे चुनखडीचा प्रश्न नाही, प्रश्न ॲल्युमिनियमचा. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं खुंटतात. सायट्रिक, ऑक्झॅलिक, मॅलिक ही आम्लं ॲल्युमिनियमला बांधून निरुपद्रवी करतात, ह्यूमसमधली मोठी आम्लंही तेच करतात. म्हणजे निफाडात जे आम्ल लोह मिळवून देतं, तेच आमच्याकडे ॲल्युमिनियमपासून वाचवतं. पालापाचोळा, गिरिपुष्पाचा पाला, शेणखत घातलेल्या वाफ्यात मुळी लांब का जाते त्याचं एक कारण हे.

पण सेंद्रिय आम्लं नेहमी भल्याचीच असतात असं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. भाताच्या खाचरात पाणी साचलं की हवा संपते आणि गाडलेला पाला-पेंढा कुजताना ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक आम्लं तयार होतात. चिखलात हात घातल्यावर जो आंबूस कुबट वास येतो तो यांचा. लावणी त्याच वेळी केली तर रोपांची मुळं तपकिरी पडतात, रोप आठवडाभर उभं राहतं पण फुटवा धरत नाही. आम्ही म्हणून हिरवा पाला चिखलणीच्या आठवडाभर आधी गाडतो, पेंढा त्याहून आधी. ती आम्लं उडून-खाऊन संपली की लावणी.

---

पाणीशोधक

वाचते आहे, खूप चांगली चर्चा. मी नेदरलँड्समध्ये पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणात काम करते. एक वेगळी बाजू मांडते, ती थोडी खटकेल.

ह्युमिक आणि फुल्विक आम्लं मातीत त्या रूपात असतात का, यावरच मोठा वाद आहे. सामू १३ च्या अल्कलीत रात्रभर ठेवून जे निघतं ते मातीतलं मूळ द्रव्य की आपल्या कृतीने घडलेलं काहीतरी? सेल्मन वॅक्समन यांनी १९३६ मध्येच ही सगळी नावं टाकून द्या म्हणून लिहिलं होतं. (पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी ज्यांना १९५२ चं नोबेल मिळालं, तेच वॅक्समन. मूळचे ते मातीतल्या सूक्ष्मजीवांचे अभ्यासक.) २०१५ मध्ये लेहमन आणि क्लेबर यांनी "नेचर"मध्ये लिहून वाद पुन्हा पेटवला. त्यांचं म्हणणं असं की मातीत वनस्पतींचे आणि जिवाणूंचे अवशेष सतत लहान लहान तुकड्यांत मोडत असतात, त्यांतले काही खनिजांना चिकटून किंवा मातीच्या ढेकळांत अडकून टिकतात. "ह्यूमस बनणं" नावाची वेगळी, मोठे काळे रेणू घडवणारी प्रक्रिया मानायची गरज नाही.

माझं मतही तिकडेच झुकतं. ह्युमिक आम्ल अमुक इतकी शतकं "टिकतं" म्हणताना टिकवणारी चिकणमाती आहे, रेणूचा स्वभाव नाही, हे सांगायला हवं.

---

मृदगंधा

@पाणीशोधक, अजिबात खटकलं नाही. हा वाद धाग्यावर यायलाच हवा होता. टिकाऊपणाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. माती नांगरून ढेकूळ फोडलं, ऊन-पाणी मिळालं की शेकडो वर्षांचा म्हणवणारा कर्बही जिवाणू खातात. मोठ्या रेणूंबद्दलचं चित्रही बदललं आहे. इटलीचे पिकोलो आणि इतर संशोधक २००० च्या सुमारापासून सांगत आले आहेत की ह्युमिक म्हणजे एकच अजस्र रेणू नसून लहान रेणूंचा कमकुवत बंधांनी धरलेला पुंजका आहे.

पण नावं टाकून द्यावीत इथपर्यंत मी येत नाही. साका आणि पिवळं पाणी ही कृतीतून पडलेली विभागणी आहे हे मान्य, तरी दोन जमिनींची तुलना करायला ती उपयोगी पडते. युक्रेन-रशियाच्या चेर्नोझेम या काळ्या गवताळ जमिनीत ह्युमिकचं प्रमाण फुल्विकपेक्षा जास्त असतं, उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांखालच्या पॉडझॉलमध्ये फुल्विक वरचढ असतं. पॉडझॉलमध्ये फुल्विकसारखी सरकती आम्लं लोह आणि ॲल्युमिनियम धुऊन खाली नेतात, वर राखाडी थर उरतो आणि खाली गंजासारखा थर साठतो. खड्डा खणला की हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. ज्या विभागणीतून असा फरक हाती लागतो ती मला सोडवत नाही.

तुमच्या कामात या आम्लांचा त्रास काय होतो, तेही लिहा ना.

---

पाणीशोधक

तुलनेसाठी वापरायला माझीही हरकत नाही, मात्र विक्रीच्या चिठ्ठीवर "मातीतलं नैसर्गिक आम्ल" म्हणून ते छापलं जातं तेव्हा हरकत आहे.

आमच्याकडे नदीचं पाणी पिवळसर असेल तर तो बहुतांशी फुल्विकचा रंग. सामू काहीही असो, ते पाण्यातच राहतं. त्यात क्लोरीन घातलं की क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन बनतात. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाण्यात योहानेस रोक यांनी हे दाखवलं. म्हणून इथे क्लोरीनच्या आधी सेंद्रिय अंश काढून टाकण्यावर सगळा भर असतो. जे आम्ल शेतात हवं, तेच नळाला नको.

---

द्राक्षवेल

सगळं वाचलं, बरंच कळलं. पण मला एक गोष्ट सोडून देता येत नाही. ह्युमिक सोडल्यावर आठ-दहा दिवसांनी बोदावरची (वेलींच्या ओळीतल्या उंच वरंब्यावरची) माती हाताने उकरली की पांढरी मुळी वाढलेली दिसते. शेजारच्यांनाही दिसते. हे खोटं कसं म्हणायचं?

---

मृदगंधा

खोटं म्हणायचंच नाही. पण ते कशामुळे होतं ते नीट समजून घेऊ.

हिशेब बघा. एकरी ९ लाख किलो माती, सेंद्रिय कर्ब ०.५ टक्के धरला तर ४,५०० किलो कर्ब. त्याला प्रचलित १.७२४ ने गुणलं तर साधारण ७,७५० किलो सेंद्रिय पदार्थ जमिनीत आधीच आहे. त्यात तुम्ही दोन किलो घालता. दोन किलोने मातीची धारणशक्ती वाढणार नाही, कण बांधले जाणार नाहीत, पाणी जास्त थांबणार नाही. ही कामं त्या पावणेआठ हजार किलोंची आहेत.

मग मुळी का वाढते? जमिनीतला ह्यूमस चिकणमातीला बांधलेला आहे, तुमचं ह्युमेट विरघळलेलं असतं आणि थेट मुळाशी पोचतं. ब्राझीलमध्ये २००२ च्या सुमाराला गांडूळखतातून काढलेलं ह्युमिक आम्ल मक्याच्या कोवळ्या मुळांना दिलं, तेव्हा बाजूच्या मुळ्या वाढल्या आणि मुळांच्या पेशींच्या पडद्यावरचा प्रोटॉन बाहेर फेकणारा पंप जोरात चालला. परिणाम ऑक्सिन या वाढसंजीवकासारखा होता. थोड्या मात्रेत होतो, जास्त मात्रेत उलटतो. २०१४ मध्ये अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा खोड-पानं आणि मुळं यांच्या कोरड्या वजनात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. फरक मात्र प्रयोगागणिक खूप मोठा होता.

म्हणून माझं सांगणं एवढंच : ह्युमेटकडे मुळी चालवणारं संजीवक म्हणून बघा, छाटणीनंतर किंवा लागणीच्या वेळी, मोजून. जमिनीचा ह्यूमस वाढवायला ते वापरू नका. तिथे टनांत काम असतं.

---

पाचट_पट्टा

टनांत काम असतं म्हणालात म्हणून लिहितोय. सांगलीकडचा ऊसवाला.

आमच्यात अजून निम्मं शिवार तोडणी झाली की पाचट पेटवतं. एकरी तीन-चार टन वाळलेलं पाचट एका काडीत जातं आणि तोच माणूस पुढच्या आठवड्यात ह्युमिकच्या डब्याला पैसे मोजतो. हे बघून जीव तुटतो. आम्ही पाचट एकाआड एक सरीत दाबतो, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकतो, पाणी देतो. पहिल्या वर्षी खोडवा थोडा मागे वाटतो, कारण कुजवायला जिवाणू नत्र उचलतात. युरिया त्यासाठीच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जमीन कुदळीला हलकी लागते, वापसा लवकर येतो, गांडुळाची विष्ठा सरीभर दिसते.

आता माझा प्रश्न. या डब्यातलं ह्युमिक कुठून आणतात? आणि बनावट कसं ओळखायचं?

---

मृदगंधा

पाचटाच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. डब्यातल्या ह्युमिकपेक्षा तुमच्या सरीत जास्त ह्यूमस तयार होतो आहे, यात शंका नाही.

बाजारातलं ह्युमिक बहुतेक लिओनार्डाइटमधून येतं. म्हणजे वरच्या थरातला, हवा लागून ऑक्सिडीकरण झालेला लिग्नाइट (तपकिरी कोळसा). अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटाच्या ए. जी. लिओनार्ड या भूवैज्ञानिकांवरून ते नाव पडलं. तो दगडी माल पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवला की पोटॅशियम ह्युमेट. म्हणजे ते लाखो-कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचं आहे, आजच्या मातीतल्या ह्यूमसचं नाही. रचनेतही फरक असतो : लिग्नाइटच्या ह्युमिकमध्ये नत्र फार कमी, मातीतल्या किंवा गांडूळखतातल्या ह्युमिकमध्ये ३-४ टक्के किंवा जास्त.

घरची चाचणी सोपी आहे. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात चमचाभराहून कमी ह्युमेट, नीट ढवळा. हातमोजे घालून थोडं फॉस्फरिक ॲसिड थेंबथेंब सोडा. खरं ह्युमिक असेल तर गुठळ्या धरून खाली बसेल, तासाभरात वरचं पाणी पिवळट होईल. सगळं काळंच राहिलं आणि खाली काहीच बसलं नाही, तर त्यात ह्युमिक नावापुरतं आहे. लिग्नोसल्फोनेट, मळी किंवा रंग असू शकतो. लिग्नोसल्फोनेट हा कागद कारखान्यांचा जोडपदार्थ, रंगाने हुबेहूब आणि स्वस्त.

फुल्विकला ही चाचणी चालत नाही. ते आम्लात विरघळलेलंच राहतं आणि लिग्नोसल्फोनेटही तसंच राहतं. जुन्या पद्धतीच्या अहवालात लिग्नोसल्फोनेट फुल्विक म्हणून मोजलं जायचं. २०१८ चं आयएसओ १९८२२ हे मानक रेझिन वापरून हा गोंधळ दूर करतं, म्हणून महाग फुल्विक घेताना अहवाल कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन ह्युमिक-फुल्विक आम्लं जैवउत्तेजक म्हणून कायद्याखाली आली आहेत. डब्यावर घटकांचं प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर घेऊ नका, पक्की पावती घ्या.

---

तुरीचं_वावर

पाचटवाले भाऊ, आमच्याकडे पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचं) तसंच होतं. काढणी झाली की वावरातच ढीग लावून जाळतात. आता काही जण रोटाव्हेटरने बारीक करून गाडायला लागले आहेत, पण गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पुष्कळ जण अजून तयार होत नाहीत. अळी असलेली बोंडं आधी वेचून नष्ट केली आणि उरलेली पऱ्हाटी बारीक करून खड्ड्यात कुजवली, तर दोन्ही साधतं.

---

द्राक्षवेल

ताई, शेवटचं विचारतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब एकच आकडा येतो. ह्युमिक किती, फुल्विक किती हे प्रयोगशाळा सांगत नाही. मग मी शेणखत आणि हिरवळीचं खत घालतोय त्याचा फरक पडतोय की नाही, कसं कळणार?

---

मृदगंधा

वॉकली-ब्लॅक पद्धत (१९३४ ची, आपल्याकडे अजून हीच चालते) डायक्रोमेटने जेवढा कर्ब जळेल तेवढा मोजते, कोणत्या आम्लाचा ते बघत नाही. ह्युमिक-फुल्विक वेगळं करून घ्यायची तुम्हाला गरजही नाही. एकच आकडा दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत काढला तर दिशा कळते. वाढ वर्षाला दुसऱ्या दशांश स्थानावर दिसेल, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवा.

नमुना ड्रीपरच्या ओल्या गोलात घेऊ नका, तिथे क्षार आणि खतं साठतात. बोदावर दोन ड्रीपरच्या मधल्या जागेत, वरचा पालापाचोळा बाजूला सारून, १५ सेंटीमीटरपर्यंत इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची सारख्या जाडीची पट्टी काढा. ओळीत नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणांची माती एकत्र करा, चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलोवर आणा, सावलीत वाळवा. शेणखत टाकून तीन महिने तरी होऊ द्या, नाहीतर न कुजलेली काडी चाळणीतून गेली की आकडा उगाच फुगतो. आणि तुमच्या जमिनीसाठी प्रयोगशाळेला मुक्त चुना आणि पाण्यातलं बायकार्बोनेट दोन्ही तपासायला सांगा. पिवळ्या पानांचं कारण बऱ्याच वेळा विहिरीच्या पाण्यात सापडतं.

---

द्राक्षवेल

पाणी कधी तपासलंच नव्हतं. बोअरचं आणि विहिरीचं वेगवेगळं देतो, खरड छाटणीच्या आधी. अहवाल आले की इथेच टाकतो.

---

खाचर

अहवाल टाकाच. मीही आमच्या खाचरातला आणि वरकस जमिनीतला असे दोन नमुने देतोय, विद्राव्य ॲल्युमिनियमसह. निफाड आणि दापोली शेजारी ठेवून बघता येईल.